दोर्णकलचे बिशप अझरिया

काझीपेठहून विजयवाड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दोर्णकल नावाचे एक जंक्शन लागते. सिंगरेणीच्या कोळशाच्या खाणींकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो, म्हणून जंक्शन. एरवी तेथे उतरावे असे काही नाही. हैदराबादकडील आपल्या मराठी मंडळ्यांतील पुष्कळांनी हे स्टेशन रात्रीच्या गाडीतून अर्धवट झोपेत पाहिले असेल. निजामाच्या राज्यात हा सारा भाग रान, झुडपे आणि दरिद्री खेडी यांचा होता. अशा ठिकाणी एका तमिळ गृहस्थाने १९०९ साली आपले बिऱ्हाड आणले आणि १९४५ साली तेथेच देह ठेवला. वेदनायगम शमुवेल अझरिया हे त्यांचे नाव. अँग्लिकन मंडळीचे ते पहिले भारतीय बिशप. एवढी एक ओळ आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असते. शब्बाथशाळेच्या परीक्षेत ती विचारलीही जाते. पण त्या ओळीच्या मागचा मनुष्य कसा होता हे सहसा कोणी सांगत नाही.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेल्लालनविलै या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायगम हे जन्माने हिंदू. मिशनच्या शाळेत शिकत असता ते ख्रिस्ती झाले आणि पुढे खेड्यातील मंडळीचे पाळक झाले. घराणे नाडार जातीचे. ताडाच्या झाडांवर चढून रस काढणे हा या जातीतील पुष्कळांचा धंदा, आणि त्या काळी देवळात त्यांना प्रवेश नसे. जातीच्या उतरंडीवर खालून वर पाहिले म्हणजे काय दिसते हे अझरियांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. आईचे नाव एलन. बरीच वर्षे पुत्राची वाट पाहून, हन्नेप्रमाणे प्रार्थना करून झालेला हा मुलगा, म्हणून त्याचे नाव शमुवेल. मुलगा लहान असतानाच वडील वारले. आईने मेग्नानपुरम येथील मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम धरले आणि मुलाला वाढवले. बाई शिस्तीच्या कडक होत्या. अझरियांच्या अंगी पुढे जी वक्तशीर, काहीशी करडी वृत्ती दिसते तिचे मूळ बिशपांच्या सभांत नव्हे, या वसतिगृहात शोधावे.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पण पदवी मिळाली नाही. गणिताच्या परीक्षेच्या ऐन वेळी ते आजारी पडले, आणि पुन्हा त्या परीक्षेस बसण्याऐवजी १८९५ साली वाय. एम. सी. ए. चे सेक्रेटरी म्हणून कामाला लागले. (१९२० साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली, तेव्हा ते बी. ए. नसलेलेच होते.) तरुणांच्या या संघाचे काम करताना ते दक्षिण भारतभर हिंडले. शेरवुड एडी हा अमेरिकन तरुण १८९६ साली हिंदुस्थानात आला. दोघांची गाठ पडली, एकत्र प्रवास झाले, एकत्र प्रार्थना झाल्या, आणि एक गोरा व एक काळा मनुष्य यांची बरोबरीची मैत्री त्या काळी जितकी दुर्मिळ होती तितकीच ती पक्की झाली. ही मैत्री ध्यानात ठेवावी. पुढे एका मोठ्या प्रसंगी तिचा संबंध येणार आहे.

१८९८ साली अझरियांचे लग्न अन्बु मरियम्माळ यांच्याशी झाले. अन्बु म्हणजे तमिळमध्ये प्रीती. दक्षिणेतील ज्या ख्रिस्ती मुली प्रथम कॉलेजपर्यंत गेल्या त्यांपैकी त्या एक होत. लग्न अगदी साधे झाले. हुंडा घेतला नाही, कर्ज काढले नाही, जेवणावळी उठवल्या नाहीत. आपल्या मंडळ्यांत आजही लग्नाच्या मांडवासाठी काढलेले कर्ज पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्यापर्यंत फिटत नाही. तेव्हा पंचाहत्तर वर्षांहून जुन्या काळातील हे साधे लग्न नातेवाइकांना किती खटकले असेल याची कल्पना करावी.

आता जाफन्याची हकीकत सांगावयास हवी, कारण तेथून सारे वळण बदलले.

१९०२ साली अझरिया सिलोनात जाफना येथे गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती मंडळी संख्येने लहान होती. पण या लहानशा मंडळीने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या माणसांकरवी, समुद्र ओलांडून मिशन चालवले आहे असे त्यांना दिसले. तिरुनेलवेलीची मंडळी हिच्या कितीतरी पटीने मोठी. शंभर वर्षांची परंपरा, मोठमोठी मंदिरे, शाळा, पाळक, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती कुटुंबवत्सल लोक. आणि बाहेर पाठवलेला मिशनरी? एकही नाही. मिशनरी म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणारा साहेब, अशीच सर्वांची समजूत. अझरियांना लाज वाटली. ही लाज घेऊन ते घरी परतले आणि ती त्यांनी एकट्यापाशी ठेवली नाही. मित्रांना बोलावले, प्रार्थना केली, हिशेब मांडला. १९०३ च्या फेब्रुवारीत पाळयंकोट्टै येथे तिरुनेलवेलीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन झाली. नियम असा की, माणसे भारतीय, व्यवस्था भारतीय आणि पैसाही भारतीय.

काम कोठे करावयाचे, तर निजामाच्या राज्यातील दोर्णकल भागात. आज आपल्याला हे जवळचे वाटते. पण तिरुनेलवेलीच्या मनुष्यास तेलुगू भाषा परकी, राज्य परके, अन्नपाणी परके. घरच्या मंडळींस तो परदेशच. दोन वर्षांनी, १९०५ च्या नाताळच्या दिवशी, श्रीरामपूर येथे, जेथे केरीने आपले आयुष्य वेचले तेथेच, सर्व प्रांतांच्या आणि पंथांच्या ख्रिस्ती लोकांनी मिळून नॅशनल मिशनरी सोसायटी उभी केली. तिचे पहिले सेक्रेटरी अझरियाच. आता ते कॉलेजा-कॉलेजांतून जाऊन तरुणांस सांगू लागले की, नोकरी सोडा, खेड्यात जा, आपल्या देशबांधवांना सुवार्ता सांगा.

असे सांगणारे पुष्कळ असतात. व्यासपीठावरून इतरांना खेड्यात पाठवणे हे काही अवघड काम नाही. अझरियांची चांगली जागा होती, मद्रासमध्ये घर होते, लहान मुले होती, परदेशातील परिषदांची आमंत्रणे येत होती. १९०७ साली ते टोकियोच्या विद्यार्थी परिषदेस जाऊन आले होते. पण ज्या वाटेने आपण गेलो नाही ती वाट दुसऱ्याला दाखवण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. शेवटी १९०९ साली त्यांनी वाय. एम. सी. ए. ची जागा सोडली, दीक्षा घेतली आणि बायकामुलांसह दोर्णकलला जाऊन राहिले. वय पस्तीस. त्या वयात तेलुगू शिकावयास बसले. ज्या सोसायटीचे ते संस्थापक, तिचेच ते आता खेड्यातील एक मिशनरी झाले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातील सर्वात मोठी गोष्ट हीच, बिशपपद त्यानंतरचे.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९१० च्या जूनमध्ये, एडिंबरो येथे जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधी, आणि त्यांत आशियातील माणसे वीसदेखील नव्हती. अझरियांना एका सायंकाळच्या सभेत परदेशी व देशी कामकरी यांच्या सहकार्याविषयी बोलण्यास सांगितले होते. असा विषय मिळाला म्हणजे काय बोलावयाचे हे ठरलेले असते. साहेबांचे आभार मानावयाचे, त्यांच्या उपकारांची यादी वाचावयाची आणि अधिक मदतीची विनंती करून बसावयाचे. अझरियांनी आभार मानले, आणि ते मनापासून मानले. परदेशी मिशनऱ्यांनी आपले देह, आपली मुले, आपले सर्वस्व हिंदुस्थानासाठी वेचले हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पण ते तेथे थांबले नाहीत. मिशनरी आणि त्याचा भारतीय सहकारी यांच्यात मालक व नोकर यांचे नाते आहे, मित्रांचे नाही, असे त्यांनी सर्वांच्या तोंडावर सांगितले. पगार देणारा आणि पगार घेणारा, हुकूम देणारा आणि अहवाल लिहिणारा. वर्षानुवर्षे एका ठिकाणी काम करूनही देशी पाळकाला साहेबाच्या टेबलाशी जेवावयास बसवलेले नसते. साहेबही त्याच्या घरी पाय ठेवीत नाही. दाने पुष्कळ मिळाली, आता मैत्री हवी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

सभागृह स्तब्ध झाले. काहींनी टाळ्या वाजवल्या. काही जण संतापले, आणि हिंदुस्थानातून आलेल्या मिशनऱ्यांत संतापणारे अधिक होते. पस्तीस वर्षांच्या, नुकत्याच दीक्षा घेतलेल्या एका काळ्या मनुष्याने यजमानांच्या घरात यजमानांचे उणे काढावे हे त्यांना रुचले नाही. पण लक्षात घ्यावे की, हे बोलणारा मनुष्य कडवट नव्हता. त्याला गोऱ्या माणसाची खरी मैत्री मिळाली होती, एडीच्या रूपाने. अशी मैत्री शक्य आहे हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळेच ती इतरत्र का नाही असे तो विचारू शकला. ज्याला कधी प्रेम मिळालेच नाही तो एक तर गप्प बसतो किंवा शिव्या देतो. अझरियांनी दोन्ही केले नाही. मंडळीत ज्यांच्यावर खरे बोलण्याची वेळ येते त्यांनी ते भाषण कसे रचले होते हे पाहावे: अगोदर कृतज्ञता आणि तीही खरी, मग दोष आणि तोही खरा, आणि दोहोंत एकमेकांना पुसून टाकण्याचा प्रयत्न नाही.

त्याच सुमारास मद्रासचे बिशप हेन्री व्हाइटहेड यांच्या मनात एक गोष्ट घोळत होती. भारतीय बिशप नेमावयाचा, आणि तो अझरिया. विरोध मोठा झाला. इंग्रज पाळकांची तक्रार अशी की, भारतीय बिशपाच्या हाताखाली गोऱ्या मनुष्याने काम कसे करावे? काही भारतीय ख्रिस्ती लोकांनाही हे पसंत नव्हते, आणि त्यांच्या नापसंतीच्या मागे जात होती. नाडाराचा मुलगा बिशप होणार हे वरच्या जातींतून आलेल्यांना जड गेले. व्हाइटहेड मागे हटले नाहीत. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये अझरियांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. दोर्णकलचे क्षेत्र आरंभी लहानच ठेवलेले होते, जणू परीक्षाच पाहावयाची होती. पुढे कृष्णा जिल्ह्यासारखे जुने व मोठे तेलुगू भाग त्याला जोडले गेले आणि इंग्रज मिशनरी खरोखरच भारतीय बिशपाच्या हाताखाली काम करू लागले. आकाश कोसळले नाही. तथापि दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. १९१२ पासून १९४५ पर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षे, स्वतंत्र क्षेत्र सांभाळणारा दुसरा भारतीय अँग्लिकन बिशप झालाच नाही. एका माणसाच्या यशाकडे बोट दाखवून पुढची पावले लांबवीत राहणे ही युक्ती साम्राज्यातही चालते आणि मंडळीतही.

बिशपांचे दिवस खेड्यांत जात. कधी बैलगाडी, कधी सायकल, बहुधा पायी. या खेड्यांतील ख्रिस्ती लोक मुख्यत्वे माला आणि मादिगा या दोन जातींतून आलेले. गावाने दोघांनाही अस्पृश्य ठरवलेले, आणि तरी हे दोघे एकमेकांचे पाणी पीत नसत. बाप्तिस्मा झाला तरी वस्त्या वेगळ्या, विहिरी वेगळ्या, सोयरीक तर नाहीच. आपल्याकडील काही मंडळ्यांच्या वडिलांना हे चित्र अगदीच अनोळखी वाटू नये. अझरियांनी या बाबतीत कधी नमते घेतले नाही. प्रभुभोजनाचा प्याला एक, तो सर्वांनी घ्यावयाचा. हे काम सोपे नव्हते, आणि ते त्यांच्या हयातीत पुरे झाले असे म्हणणे खोटे होईल. मंडळीत जातीच्या कुरबुरी शेवटपर्यंत चालू राहिल्या आणि खुद्द बिशपांविरुद्धही तक्रारी उठल्या.

खेड्याला चार भुते लागली आहेत असे ते म्हणत असत: घाण, रोग, कर्ज आणि दारू. म्हणून त्यांच्या भेटीत उपासनेबरोबर या चारांची चौकशी असे. मंडळीतल्या किती घरी दारू सुटली, सावकाराकडे किती गहाण पडले, विहिरीभोवती चिखल का आहे. सहकारी पतपेढ्या, दवाखाने, शाळा, छापखाना ही सर्व कामे त्यांच्या क्षेत्रात उभी राहिली. पण या साऱ्यांपेक्षा त्यांची एक पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याला ते आपला हात आपल्याच डोक्यावर ठेवावयास सांगत. मग करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात सुवार्ता न सांगण्याविषयी पौलाने स्वतःलाच जो धाक घातला आहे, तो त्या मनुष्याच्या तोंडून वदवून घेत. अक्षरओळख नसलेला शेतमजूर, कालपर्यंत गावकुसाबाहेर राहणारा, आणि आज त्याच्या डोक्यावर त्याचाच हात! त्याला कोणी सांगितले नाही की, तू ऐक, शीक, पुढे पाहू. पहिल्याच दिवशी त्याला जबाबदारी मिळाली. आपण आपल्या नव्या सभासदांना पहिल्या दिवशी काय देतो? बहुधा मागचे बाक.

या लोकांतूनच पाळक व्हावयास हवेत असा त्यांचा आग्रह होता. बाहेरून पदवीधर आणून खेड्यात बसवले तर ते तेथे राहत नाहीत हे त्यांनी पाहिले होते. म्हणून गावच्या शाळामास्तरांतून ते माणसे निवडीत. दिवसा मुलांना शिकवावयाचे, संध्याकाळी मोठ्यांना, रविवारी उपासना चालवावयाची, असे ज्याने काही वर्षे इमानाने केले त्याला दोर्णकलच्या शिक्षणवर्गात बोलावीत, आणि एकट्याला नव्हे, बायकोसह. पाळकाची बायको अडाणी राहिली तर अर्धी मंडळी अडाणी राहते, हा हिशेब. या बायकांच्या शिक्षणाची आणि खेड्यांतील स्त्रियांच्या कामाची बाजू अन्बुबाईंनी उचलली. स्वतःची सहा मुले वाढवून त्यांनी हे केले. बिशपांच्या चरित्रांत त्यांना जितकी जागा मिळाली आहे त्याहून अधिक मिळावयास हवी होती. विद्यार्थ्यांना हातांनी काम करावे लागे, शेतात उतरावे लागे, म्हणजे पुस्तक हाती आले की नांगराची लाज वाटू लागते तो रोग जडू नये. पुढे शंभराहून अधिक भारतीय पाळक आणि शेकडो गावशिक्षक अशी फौज तयार झाली, आणि तिच्यातील बहुतेकांच्या आजोबांना गावच्या रस्त्यावरून मान वर करून चालण्याची मुभा नव्हती.

पैशाच्या बाबतीत त्यांचे धोरण ऐकून काहींना ते कठोर वाटतील. भुकेल्या लोकांकडून अर्पण मागावे काय? अझरिया म्हणत, होय, मागावे. गरिबाला घेणाराच ठेवणे म्हणजे त्याला कायमचा भिकारी करणे. घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी भांड्यात धान्य टाकण्यापूर्वी एक मूठ बाजूला काढावयाची आणि रविवारी मंदिरात आणावयाची, ही चाल त्यांच्या मंडळ्यांत रूढ झाली. सुगीच्या सणाला लोक धान्य, भाजी, कोंबडी, अंडी घेऊन येत. ज्याच्याकडे नाणे नाही त्याच्याही हाती वेदीपाशी ठेवण्यास काहीतरी असे. ख्रिस्ती दानाविषयी अझरियांनी पुढे एक पुस्तक लिहिले आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली; पण त्या पुस्तकाचे मूळ या मूठभर धान्यात आहे. लहान मुलांनाही ही मूठ काढण्याची सवय लागते. शब्बाथशाळेत नुसती दानाची गोष्ट सांगण्यापेक्षा ती बरी.

१९३० नंतर त्यांच्या क्षेत्रात एक नवीच गोष्ट घडू लागली. वस्तीतल्या ख्रिस्ती लोकांची राहणी बदलली, दारू सुटली, मुले वाचू लागली, हे गावातील शेतकरी जाती पाहत होत्या. त्यांच्यापैकीही लोक मंडळीत येऊ लागले. ज्यांची सावली टाळली त्यांच्याकडूनच सुवार्ता ऐकली. १९३९ च्या सुमारास दोर्णकल क्षेत्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या वर गेली होती.

याच काळात वादळही उठले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि दलितांच्या धर्मांतराचा प्रश्न देशभर पेटला. गांधीजींचे मत असे की, या गरीब लोकांना धर्माचे तत्त्व कळत नाही, मिशने त्यांना ऐहिक लाभाच्या आशेने ओढतात. अझरियांचे नाव या वादात अनेकदा आले. त्यांचे म्हणणे साधे होते: ज्यांना तुम्ही अजाण समजता त्यांच्यात मी रोज बसतो, त्यांना आत्मा आहे आणि बुद्धीही आहे, आणि आपल्या तारणाविषयी निवड करण्याचा त्यांचा हक्क कोणी काढून घेऊ नये. मात्र येथेच त्यांचा दुसराही एक निर्णय लक्षात घेतला पाहिजे. ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ मिळावेत या कल्पनेला त्यांनी विरोध केला. कायदेमंडळातील जागांसाठी मंडळी मोजली जाऊ लागली तर ती मंडळी न राहता एक जात होईल, अशी त्यांना भीती होती. ज्या काळी प्रत्येक समाज आपल्या जागा मोजत होता त्या काळी स्वतःच्या लोकांचा मिळणारा लाभ नाकारणे हे पुढाऱ्याला लोकप्रिय करणारे नव्हते. राजकारणात ते इंग्रजी राज्याचे विरोधक नव्हते आणि त्यामुळे राष्ट्रीय वृत्तीच्या ख्रिस्ती तरुणांना ते मवाळ वाटत. हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. उपासनेच्या पद्धतीतही त्यांना इंग्रजी वळणाची आवड होती आणि आपला अधिकार ते सहजी सोडीत नसत.

पण दोर्णकलचे कॅथेड्रल पाहणाऱ्याला ते केवळ इंग्रजी वळणाचे होते असे म्हणवणार नाही. बांधकामाला वर्षानुवर्षे लागली, कारण पैसा थोडा थोडा येत होता. ६ जानेवारी १९३९ रोजी, प्रकटीकरणाच्या सणाला, त्याची प्रतिष्ठा झाली. घुमट आणि मिनार मुसलमानी धर्तीचे, खांब हिंदू देवळांच्या धर्तीचे, आणि मध्ये क्रूस. निजामाच्या मुलखातील तेलुगू शेतमजुराला या मंदिरात शिरताना आपण परक्या देशात आलो असे वाटू नये, अशी ही रचना आहे.

शेवटी एकीकरणाविषयी. १९१९ च्या मे महिन्यात तरंगंबाडी येथे, जेथे १७०६ साली झीगेनबाल्ग उतरला आणि या देशातील पहिले प्रॉटेस्टंट मिशन सुरू झाले, तेथे तेहतीस जण जमले. दोघे सोडून सारे भारतीय. अध्यक्ष अझरिया. आमचे हे पंथभेद आमचे नाहीत, ते युरोपातील भांडणांतून आमच्याकडे आले आहेत, आणि त्यांमुळे आम्ही आपल्याच देशबांधवांपुढे दुबळे ठरतो, असे या सभेने जाहीर केले. दुसऱ्या वर्षापासून अँग्लिकन आणि साउथ इंडिया युनायटेड चर्च यांच्या संयुक्त कमिटीच्या बैठका सुरू झाल्या. पुढे मेथडिस्टही आले. मुंबईचे बिशप पामर यांनी या चर्चेत मोठा भाग घेतला, हे मुंबईकडील वाचकांनी जाणून ठेवावे. १९२७ साली लोझान येथील परिषदेत अझरियांनी पाश्चात्त्यांना सांगितले की, तुमच्याकडे मंडळीतील फूट हे दौर्बल्य असेल, आमच्याकडे ते पाप आहे. मला वाटते, दोर्णकलच्या खेड्यांमुळेच त्यांना हे इतके स्पष्ट दिसले. माला आणि मादिगा यांनी एका प्याल्यातून घ्यावे असा जो बिशप आग्रह धरतो, त्याला अँग्लिकन आणि मेथडिस्ट यांचे वेगळे प्याले कसे सहन व्हावेत?

वाटाघाटी लांबतच गेल्या. बिशपांची दीक्षा कोणी द्यावी, जुन्या पाळकांच्या दीक्षेचे काय करावे, या प्रश्नांवर एकेक शब्दासाठी वर्षे गेली. इंग्लंडातून आक्षेप येत, येथे मसुदे बदलत. अझरिया साठीत आले, सत्तरीत पोचले. जिवंतपणी आपल्याला ही मंडळी पाहावयास मिळावी एवढी त्यांची इच्छा होती. १९४४ च्या अखेरीस ते आजारी पडले आणि १९४५ च्या जानेवारीच्या पहिल्याच तारखेस दोर्णकल येथे प्रभूकडे गेले. त्यांच्या जागी जे बिशप आले ते पुन्हा युरोपियनच होते.

२७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाची स्थापना झाली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा सहाच आठवडे झाले होते. उत्तरेकडील मंडळ्यांचे एकीकरण व्हावयास आणखी तेवीस वर्षे लागली; तो समारंभ २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात झाला. दक्षिणेच्या नव्या मंडळीत आरंभी चौदा बिशपक्षेत्रे होती, आणि त्यांत दोर्णकल एक होते.